आतडे आणि नैराश्य : भोर-वेल्ह्याच्या संदर्भात

नैराश्य आणि पचनाच्या तक्रारी अनेकदा एकाच माणसात एकत्र आढळतात. नैराश्यात भूक मंदावते, अन्नाची चव जाते, बद्धकोष्ठ किंवा जुलाब सुरू होतात. उलट, वर्षानुवर्षे पोटाने बेजार झालेल्या माणसाला उदासी आणि चिंता गाठण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतू, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि आतड्यातले सूक्ष्मजंतू अशा चार मार्गांनी सतत निरोपांची देवाणघेवाण चालते. वैद्यकशास्त्रात या व्यवस्थेला आतडे-मेंदू अक्ष म्हणतात. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगरी तालुक्यांतले पाणी, अन्न आणि दवाखान्यापर्यंतची वाट पाहता हा विषय तिथे रोजच्या आरोग्याचा ठरतो.

आतड्याची स्वतःची मज्जासंस्था

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे दाट जाळे असते. या पेशींची संख्या १० कोटींहून अधिक मानली जाते. अन्न पुढे ढकलणे, पाचकरस सोडणे, रक्तपुरवठा कमी-जास्त करणे ही कामे हे जाळे मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता करू शकते. अमेरिकी संशोधक मायकल गेर्शन यांनी १९९८ मध्ये यावर लिहिलेल्या पुस्तकाला ‘दुसरा मेंदू’ या अर्थाचे नाव दिले आणि तेव्हापासून हा शब्दप्रयोग रूढ झाला.

हे जाळे आणि मेंदू यांना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे व्हेगस मज्जातंतू. त्यातले सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक धागे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. मेंदूकडून पोटाकडे येणारे धागे त्या मानाने थोडे असतात.

मनाचा पोटावर होणारा परिणाम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधी विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरला मिळाली होती. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायम राहिले. त्या भोकातून ब्यूमाँटने वर्षानुवर्षे पचनाची निरीक्षणे केली आणि १८३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. राग आला की जठराच्या अस्तराचा रंग आणि स्राव बदलतो, पचन बिघडते, अशी नोंद त्यात आहे.

रासायनिक दुवा त्यानंतर शंभर वर्षांनी हाती आला. इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य मिळाले. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून सेरोटोनिन वेगळे करण्यात आले, आणि १९५२ मध्ये ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध झाले. शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते. नैराश्यावरची अनेक औषधे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतात, त्यामुळे पोटातले सेरोटोनिन वाढवले की मन प्रसन्न होईल, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. आतड्यातले सेरोटोनिन पचनाची गती ठरवते आणि व्हेगसच्या टोकांना उद्दीपित करते. त्याचा मेंदूशी संबंध या वळणाच्या वाटेने येतो. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र अन्नातूनच येते.

सूक्ष्मजंतूंची वस्ती

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. माणसाला न पचणारा चोथा त्यांचे अन्न. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ब्युटिरेटवर पोसल्या जातात, अस्तर घट्ट राहते आणि दाह आटोक्यात राहतो.

या जंतूंचा मेंदूशी संबंध असल्याचा ठळक पुरावा २००४ मध्ये जपानमधून आला. क्युशू विद्यापीठातील नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ताण आल्यावर ताणाची संप्रेरके नेहमीपेक्षा जास्त स्रवतात. २०११ मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलसची एक विशिष्ट जात खाऊ घातली, तेव्हा त्यांचे भयग्रस्त वागणे कमी झाले. व्हेगस मज्जातंतू कापलेल्या उंदरांवर मात्र काहीच परिणाम झाला नाही. जंतूंचा निरोप याच तंतूने जात होता. २०१६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांच्या विष्ठेतले जंतू उंदरांच्या आतड्यात सोडण्यात आले, तेव्हा त्या प्राण्यांत नैराश्यासारखी लक्षणे दिसली.

माणसांवरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये बेल्जियममधून प्रसिद्ध झाला. १,०५४ लोकांच्या तपासणीत नैराश्य असलेल्यांच्या आतड्यात कॉप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जंतू कमी आढळले. ब्युटिरेट बनवणाऱ्या जंतूंचा संबंध जीवनाच्या चांगल्या दर्जाशी दिसला. तरीही यावरून जंतू कमी झाल्यामुळे नैराश्य येते, असा निष्कर्ष निघत नाही. नैराश्यात जेवण बदलते, हालचाल कमी होते, औषधे सुरू होतात आणि या प्रत्येक गोष्टीने जंतू बदलतात.

बेल्जियमची यादी भोर-वेल्ह्यातल्या माणसाला जशीच्या तशी लावताही येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जंतूंवर दीर्घकाळ काम केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांची तुलना होती. घर आणि चूल एक असली तरी वयानुसार जंतूंचे प्रमाण बदलते, असे त्यात दिसले. २०१६ च्या अभ्यासात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू अधिक असल्याचे आढळले. धान्य आणि चोथा भरपूर असलेल्या आहारात प्रिव्होटेला वाढतो. म्हणजे निरोगी आतड्याचे चित्र आहारागणिक वेगळे असते.

दाह आणि ताण

तिसरा मार्ग प्रतिकारशक्तीचा. आतड्याच्या अस्तराची घट्ट वीण सैल झाली, तर जंतूंचे अवशेष रक्तात जातात आणि शरीरभर मंद दाह सुरू होतो. दाहात तयार होणारी सायटोकाइन्स मेंदूपर्यंत पोचतात आणि झोप, भूक, उत्साह यांवर परिणाम करतात. शिवाय दाहामुळे ट्रिप्टोफॅनचा काही भाग सेरोटोनिनऐवजी दुसऱ्याच रासायनिक वाटेला लागतो. पूर्वी हिपॅटायटिस-सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, तेव्हा अनेक रुग्णांना उपचाराच्या काळातच नैराश्य येई. दाह वाढवणारे द्रव्य शरीरात गेल्याने मन खचू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात मात्र असा दाह आढळत नाही.

ताणाचा परिणाम उलट दिशेने होतो. कर्ज, आजारपण, घरातली भांडणे, पिकाचे नुकसान यांचा ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते. त्याने आतड्याची गती, अस्तर आणि जंतू असे तिन्ही बदलतात.

पोट आधी की मन आधी

तपासण्यांत काही दोष न सापडता वारंवार पोट दुखणे, शौचाची सवय बिघडणे, पोट फुगणे या त्रासाला इरिटेबल बाउल सिंड्रोम म्हणतात. या रुग्णांत चिंता आणि नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. ऑस्ट्रेलियात लोकांचा १२ वर्षे पाठपुरावा करून सुरुवात कुठून होते, हे तपासण्यात आले. काहींमध्ये आधी चिंता-उदासी होती आणि पोट नंतर बिघडले. काहींमध्ये पोटाचा विकार आधीचा आणि मनाचा नंतरचा निघाला. वाट दुहेरी आहे.

पोटाच्या संसर्गानंतर असा त्रास मागे राहू शकतो. कॅनडातील वॉकर्टन या छोट्या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू मिसळले. दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले. नंतर आठ वर्षे चाललेल्या पाठपुराव्यात आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना पोटाचा चिवट विकार जडल्याचे दिसले. ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होते, त्यांना हा धोका अधिक होता.

भोर-वेल्ह्यात हा मुद्दा थेट लागू पडतो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. पण डोंगरावरच्या वाड्या-वस्त्या झरे, विहिरी आणि उन्हाळ्यात टँकर यांवर अवलंबून असतात. पावसाळ्यात, नेमक्या भातलावणीच्या दिवसांत, गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. पाणी उकळणे आणि विहिरीत वेळेवर क्लोरीन टाकणे यांचा फायदा जुलाब टळण्यापुरता राहत नाही; पुढची दीर्घ दुखणीही त्याने टळतात.

आतड्यातल्या जंतूचा परिणाम मज्जासंस्थेपर्यंत कसा पोचू शकतो, हे पुणे परिसराने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे सिंड्रोमची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत अनेक नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि हातापायांतली ताकद जाते. हा आजार नैराश्याहून पूर्णपणे वेगळा आहे, पण आतडे, प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्था यांतली साखळी त्यात स्पष्ट दिसते.

बी-१२ आणि लोह

आतडे आणि मन यांच्यातला सर्वांत सहज तपासता येणारा दुवा जीवनसत्त्व बी-१२ चा आहे आणि त्यावरचे महत्त्वाचे काम पुण्यातच झाले. केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही गट होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते.

बी-१२ फक्त सूक्ष्मजंतू बनवतात. माणसाच्या मोठ्या आतड्यातले जंतूही ते बनवतात, पण ते शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच. त्यामुळे घरचा हा साठा उपयोगी पडत नाही आणि ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळवावे लागते. शोषणासाठी जठरातले आम्ल आणि तिथेच बनणारे एक प्रथिन लागते. माळकरी घरांत मांस-मच्छी वर्ज्य असते. घरचे दूध बहुतांश डेअरीला जात असेल, तर बी-१२ चा तोही स्रोत आटतो. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते. कमतरतेत थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड आणि उदासी दिसते. साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी कमतरता भरून निघते.

लोहाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ओल्या मातीत अनवाणी चालताना अंकुशकृमी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. उघड्यावर शौच जिथे होते तिथे हा धोका वाढतो. रक्त कमी झाले की काम उरकत नाही, कशातच जीव रमत नाही. अशा बाईला नैराश्य आहे की रक्तक्षय की दोन्ही, हे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय ठरवू नये. थायरॉइडच्या विकारातही उदासी आणि बद्धकोष्ठ जोडीने येतात.

ताटातला फरक

आहार बदलून नैराश्य कमी होते का, याची रीतसर चाचणी ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी एका गटाला १२ आठवडे आहाराचे मार्गदर्शन मिळाले: अख्खी धान्ये, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, मासे, आणि गोड-तळलेल्या पदार्थांवर आवर. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पा-सोबतीचा आधार मिळाला. आहारगटातील सुमारे ३२ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातील ८ टक्के. चाचणी लहान होती, आणि बहुतेक रुग्णांचे इतर उपचारही चालू होते.

भोर-वेल्ह्याच्या जुन्या आहारात यातले बरेच काही आधीपासून आहे. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात, परसात घेवडा, भाताच्या कापणीनंतर हरभरा-मसूर, पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या, सोबतीला हुलग्याचे माडगे, ताक आणि सुकट. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमपेक्षा कमी. घरी कांडलेल्या तांदळाच्या जागी गिरणीतला पॉलिशचा तांदूळ आला, नाचणीच्या भाकरीच्या जागी पाव-बिस्किटे आली, तेव्हा जंतूंचे अन्नच कमी झाले. शिळ्या, गार झालेल्या भातात काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जाते आणि जंतूंना मिळते. मात्र असा भात उबेत फार वेळ राहिला तर विषबाधेचा धोका असतो.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून तो हळूहळू आणि पुरेशा पाण्यासोबत वाढवावा. इरिटेबल बाउलच्या काही रुग्णांना कडधान्ये, कांदा, लसूण सोसत नाहीत. त्यांनी सोसेल तेवढेच खावे. दारू आणि तंबाखू आतडे आणि मन दोन्हींना घातक आहेत.

प्रोबायोटिक : किती खरे, किती जाहिरात

दही-ताकातले जंतू आयुष्य वाढवतात, ही कल्पना नोबेल विजेते इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. आज बाजारात प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणि बाटल्या भरपूर आहेत. २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक चाचणीत औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या ४९ रुग्णांना आठ आठवडे औषधांच्या जोडीने प्रोबायोटिक किंवा बनावट कॅप्सूल दिली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सुधारणा अधिक दिसली. निकाल आशादायक आहे, पण त्यावरून कोणती जात, किती मात्रेत, कोणत्या रुग्णाला द्यावी, हे अजून ठरत नाही. नैराश्यावरच्या औषधांची जागा प्रोबायोटिक घेऊ शकत नाही. घरचे ताक हे चांगले अन्न आहे. ते औषध समजू नये.

दवाखान्यात काय घडते

गॅस, करपट ढेकर, पोटात गोळा, अन्नावर वासना नाही, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही: नैराश्याचा रुग्ण बहुधा या तक्रारी घेऊन येतो. ‘मन उदास आहे’ असे तो क्वचितच सांगतो. पुण्यात डॉ. वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ थकवा-अशक्तपणाची तक्रार असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांनी मनोविकार, सामान्य वैद्यक, त्वचारोग आणि आयुर्वेद असे चार बाह्यरुग्ण विभाग निवडले. हे रुग्ण चारही दारांशी येतात, हाच त्यामागचा विचार. अशा रुग्णाला ॲसिडिटीची गोळी आणि सलाइन देऊन घरी पाठवले, तर मूळ दुखणे तसेच राहते.

ते हेरायला सुरुवातीला दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते का? आणि नेहमी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर पुढची तपासणी करावी. याच्या उलट चूकही टाळली पाहिजे. वजन झपाट्याने घटणे, शौचातून रक्त पडणे, काळी शौच, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, गिळायला त्रास, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला पोटाचा विकार यांना ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. त्यांचा तपास लगेच व्हायला हवा.

उपचारही दोन्ही बाजूंनी चालतात. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात, कारण त्या आतड्यावरही परिणाम करतात. हा त्रास बहुधा काही दिवसांत कमी होतो, तर मनावरचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात. नेमक्या याच काळात अनेक जण गोळ्या सोडतात. ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे जुने औषध कमी मात्रेत इरिटेबल बाउलवर उपयोगी पडते, हे २०२३ मध्ये ब्रिटनमधील ४६३ रुग्णांच्या चाचणीत दिसले.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी रोज नसला, तरी उपचार अडून राहत नाहीत. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांची मदत प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सरकारी केंद्रांतील सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. भोर-वेल्ह्यात आशा सेविका, उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत असे काम होऊ शकते.

पोटाची तक्रार आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ सोबत असतील, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात आणि हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड यांच्या तपासणीबद्दल विचारावे. चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत. जगणे नकोसे वाटत असेल किंवा घरातल्या कोणाच्या बोलण्यात तसे येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.